व्हॅनची भुई

दुसरी बादली रिकामी होईपर्यंत प्रणेशरावांना पत्ता नव्हता. ते परसात, व्हॅनच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून नटांना ग्रीस लावत होते. डोक्यावर, व्हॅनच्या आत, खराटा फिरत होता. खराट्याचा आवाज त्यांनी ओळखला होता. तो ओला खराटा आहे, हे मात्र मागच्या दारातून हळदीच्या पाण्याची पिवळसर धार त्यांच्या सदऱ्यावर पडली तेव्हा समजलं.

"रंजनी! काय करूलालीस आत?"

"भुई धुते. अजून काय?" आतून श्रीरंजनीबाईंचा आवाज आला. "आज शुक्रवार न्हवे? दूध उतू घालायचंय. न धुतल्या भुईवर शेगडी मांडू?"

"ती धुवायची नव्हती! पुसायची होती!"

"पुसायला ती काय पाटी आहे? नवी भुई चोखट धुवून घ्यावी, मग रांगोळी, मग दूध. ह्या घरी आल्ये तेव्हापासून असंच करत आल्ये. तुम्ही पाहिलं नाहीत तो माझा दोष?"

प्रणेशराव उठून दारात आले. आत त्यांच्या पत्नीने पदर खोचलेला होता, हातात खराटा होता, आणि लाल रंगाचं नवं लिनोलियम लखलखत होतं. त्यावर पाण्याचा टिपूस नव्हता.

"बघा," बाई कौतुकाने म्हणाल्या. "दोन बादल्या ओतल्या, अस्कं, सगळं पाणी आपोआप खाली गेलं. सुंदरनं उतार काय चोखट दिलाय!"

सुंदर सुताराने उतार दिलेला नव्हता. लिनोलियमखाली प्लायवूड होतं, प्लायवूडखाली लाकडी पट्ट्यांच्या चौकटी होत्या आणि चौकटींत ठासून भरलेली खनिज लोकर होती. उष्णता अडवण्याच्या कामी ती लोकर उत्तम. पाणी मात्र ती अडवत नाही, साठवते. दोन बादल्यांतलं जे पाणी दारातून आलं नव्हतं ते सगळं आता तिच्यात होतं.

प्रणेशराव हे समजावून सांगणार, तोवर उशीर झाला होता. शेगडी पेटली होती. पातेल्यातलं दूध वर येऊ लागलं होतं. ते काठावरून उतू गेलं, शेगडीवर चरचरलं आणि खाली नव्या भुईवर ओघळलं. बाईंनी हात जोडले. नव्या घरात दूध उतू गेलं की घर लाभतं, असा त्या गावचा रिवाज. व्हॅनला तो लागू पडतो की नाही याचा निर्णय बाईंनी एकटीने घेतला होता.

*

ही व्हॅन म्हणजे प्रणेशरावांच्या तरुणपणाचा बराचसा भाग. ते कुंभकोणमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं घेत. प्राध्यापक ते कधी झाले नाहीत आणि व्हावं असं त्यांना फारसं वाटलंही नाही. एका विश्वस्त संस्थेने त्या काळी खेडोपाडी विज्ञान दाखवण्यासाठी एक चौकोनी नाकाची डिझेल व्हॅन तयार करून घेतली होती. आत दोन बाजूंना दोन निजण्याचे बाक, मधे सामानाच्या फळ्या. त्यावर निर्वात पंप, दुर्बीण, चुंबकं, एक हाडांचा सांगाडा. शनिवार-रविवारी ती चालवायला आणि पंप मारायला कुणी नव्हतं म्हणून प्रणेशराव गेले, आणि मग जातच राहिले. चोळपुरमच्या शाळेत त्यांनी काचेच्या हंडीखाली घंटा वाजवून तिचा आवाज नाहीसा करून दाखवला होता. धूमकेतू आला त्या साली पहाटे भाताच्या बांधावर रांगा लागल्या होत्या. सूर्यग्रहणाच्या दिवशी ते मुद्दाम तिरुनागेश्वरमला, राहूच्या देवळाजवळ व्हॅन उभी करत आणि पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून जमिनीवर पडलेली सूर्याची कोर लोकांना दाखवत. लोक ती शांतपणे पाहत, चंद्र मधे येतो हे मान्य करत, सरांचं 'सार' करून "सार चोख सांगतात" म्हणत, आणि आंघोळ करून राहूला दूध घालायला जात. प्रणेशरावांना याचं कधी वाईट वाटलं नाही. पाहिलं तर होतं त्यांनी. निष्कर्ष ज्याचा त्याचा.

संस्था बंद पडली तेव्हा भंगारात निघालेली व्हॅन त्यांनी घेतली. सांगाडा कॉलेजला गेला, त्याच्या जागी श्रीरंजनीबाईंची शेगडी आली. कारण बाई बाहेरचं खात नसत. हॉटेलचं नाही, देवळाच्या अन्नछत्रातलंही पारखून. कुठे जायचं तर स्वयंपाकघर बरोबर हवं. आणि जायचं होतं मंत्रालयाला, राघवेंद्र स्वामींच्या दर्शनाला. लग्नात प्रणेशरावांनी बाईंना दिलेलं ते एकमेव वचन.

सुप्रजा, त्यांची मुलगी, चार वर्षांची असताना ते निघाले होते. तिरुची गेलं, कावेरीकाठचा रस्ता गेला, आणि नामक्कलजवळ बाई स्वयंपाकाला उभ्या राहिल्या. अनवाणी, स्वयंपाकघरात चप्पल हा विचारच त्या घराण्यात कुणाला सुचला नव्हता. पूर्वी कधीतरी गाडीचं अंग वाढवताना कुणा गावठी कारागिराने धुराचा नळा अगदी भुईच्या पोटाखालून नेला होता. पत्रा तापला होता. बाईंचे दोन्ही तळवे पोळले आणि हातातली आमटी सांडली. त्या इतक्या ओरडल्या की शेजारच्या भुईमुगाच्या शेतातून माणसं धावत आली. मंत्रालय राहिलं. व्हॅन परत वळली. वळतानाच बाईंनी सांगून टाकलं, "ह्या गाडीची भुई गार होईल त्या दिवशी मी ह्यात पाय ठेवीन. तोवर नाही."

घरात ती मग म्हणच झाली. न होणाऱ्या कुठल्याही गोष्टीला सुप्रजा म्हणे, "भुई गार झाल्यावर." प्रणेशराव हसत. मग परीक्षा आल्या, प्रणेशरावांच्या आईचं आजारपण आलं, सुप्रजाचं लग्न झालं आणि ती बंगळूरला गेली. व्हॅन परसात ताडपत्रीखाली राहिली आणि तिच्या टपावर शेजारच्या शेवग्याची फुलं पडत राहिली.

आता ते निवृत्त होते. बाईंना साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती, गुडघे बोलू लागले होते, आणि डॉक्टरांनी डोळ्यांवरही लक्ष ठेवायला सांगितलं होतं. प्रणेशराव नवस मानत नसत, पण आलेखावरची वक्ररेषा त्यांना वाचता येत असे. या रेषेचा उतार कुठे जातो ते त्यांना दिसत होतं. मंत्रालय यंदा झालं तर झालं.

*

"सार, ही लोकर न्हवे, इडलीचं पीठ झालंय," सुंदर म्हणाला. तो तमिळमध्ये बोलत असे आणि सतत बोलत असे. त्याने लिनोलियम गुंडाळून बाजूला ठेवलं होतं, फुगलेलं प्लायवूड उचकटलं होतं, आणि दोन्ही हातांनी ओली लोकर पिळून दाखवत होता. "मामीला सांगा, अजून एक रात्र ठेवली असती तर आंबलं असतं चांगलं."

"ऐकलं हां मी," श्रीरंजनीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. "तुझ्या बायकोला विचार, ती धुते की नाही भुई."

"ती मला धुते, मामी. भुईपर्यंत पोचतच नाही."

प्रणेशराव हसले नाहीत. ते उघड्या पत्र्याकडे पाहत होते. चूक कुठे झाली हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. गाडीत भुई कशी घालायची याच्या, सुप्रजाने फोनवर पाठवलेल्या सगळ्या चित्रफिती थंड देशांतल्या होत्या. त्यांतली दाढीवाली, हसरी माणसं बर्फापासून बचाव करत होती आणि भुईवर पाणी सांडणं हा त्यांच्या लेखी अपघात होता. इथे उष्णता खालून येणार होती, आणि पाणी हा नित्यक्रम होता. आकडेमोड बरोबर होती. वापरणारी व्यक्ती चुकीची धरली होती. चाळीस वर्षं त्याच व्यक्तीबरोबर संसार केलेल्या माणसाने हे करावं, याची त्यांना थोडी लाज वाटली.

"पुन्हा करायचं," ते म्हणाले. "पण आधी मोजायचं. पत्रा नेमका कुठे, किती तापतो ते."

त्यांनी पत्रा वाळू दिला. सुंदरने गंज खरवडला, तांबडा रंग मारला. मग एका सकाळी दोघं व्हॅन घेऊन तिरुनागेश्वरमपर्यंत जाऊन आले, आणि परसात इंजिन चालूच ठेवून प्रणेशराव आत शिरले. त्यांच्या हातात दुरून तापमान दाखवणारं यंत्र होतं, पिस्तुलासारखं. ते एकेका जागेवर रोखत, आकडा मोठ्याने सांगत, आणि सुंदर रबरी चपला घालून खडूने वर्तुळं काढत फिरे. बाकाजवळ पत्रा नुसता कोमट होता. मधोमध, जिथे शेगडीपुढे उभं राहायचं तिथेच, आकडा बासष्टावर गेला.

"तिथे दोन वर्तुळं काढ," प्रणेशराव म्हणाले आणि इंजिन बंद करायला पुढे गेले.

श्रीरंजनीबाई कॉफी घेऊन आल्या त्या याच वेळी. कॉफीचे दोन पितळी डबरे त्यांनी दाराशी ठेवले. शुक्रवारचं दुधाचं पातेलं वरच्या फळीवर राहिलं होतं, ते त्यांना आठवलं. त्या कठडा धरून आत चढल्या आणि फळीकडे हात उंचावून उभ्या राहिल्या. अनवाणी. दुहेरी वर्तुळाच्या मधोमध.

प्रणेशराव चालकाच्या जागेवरून मागे वळले आणि त्यांनी जे पाहिलं ते पुढे त्यांच्या मनात पुन:पुन्हा, त्याच क्रमाने येत राहिलं.

बाई पातेलं काढत होत्या. पातेलं फळीच्या खिळ्यात अडकलं होतं, त्या ते सोडवत होत्या, सावकाश. चेहरा शांत होता.

"मामी! सूडु! सूडु!" सुंदर किंचाळला. चटका, चटका!

बाईंनी सुंदरकडे पाहिलं. मग खाली, आपल्या पायांकडे पाहिलं. खडूची वर्तुळं पाहिली. मग पुन्हा सुंदरच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

आणि मग त्या ओरडल्या. "अय्यो! भाजलं ग बाई!" पाय झटकत त्या बाकावर बसल्या.

सुंदर पाणी आणायला धावला. प्रणेशराव जागचे हलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी मुलांना एकच गोष्ट शिकवली होती: काय घडलं ते नंतर लिहा, आधी कुठल्या क्रमाने घडलं ते लिहा. चटका बसला की माणूस आधी पाय उचलतो, मग ओरडतो, मग खाली पाहतो. इथे पाहणं आधी झालं होतं.

*

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर बाई ओट्यावर येऊन बसल्या. समोरच्या घरी कुणीतरी मृदंगाचा एकच बोल घोकत होतं. प्रणेशराव मलमाची नळी घेऊन पायरीवर बसले आणि त्यांनी बाईंचा उजवा पाय मांडीवर घेतला. तळव्याला मोठा फोड आला होता.

"पाय काय धरता? कुणी बघेल."

"बघू दे. तू तिकडे, रस्त्याकडे बघ. मी विचारीन तेव्हा सांग."

त्यांनी केरसुणीची एक काडी मोडून घेतली होती. ती त्यांनी डाव्या टाचेवरून फिरवली. "कुठल्या पायाला?"

"उजव्या."

उजव्या करंगळीवरून. "आता?"

बाई क्षणभर थांबल्या. "डाव्या, न्हवे?"

मग प्रणेशरावांनी काडी हवेतच धरली, कुठेही लावली नाही. "आता?"

"उजव्या," बाई ठामपणे म्हणाल्या. "अंगठ्यापाशी."

समोरचा मृदंग चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. बाईंनी मान वळवली आणि त्यांच्या हातातली काडी पाहिली.

"लावलीच नव्हती, होय ना?"

"नाही."

"बायकोला फसवता."

"पडताळा म्हणतात त्याला." त्यांनी काडी खाली ठेवली. "केव्हापासून?"

"गेल्या नवरात्राच्या आधीपासून. कोलूच्या, बाहुल्यांच्या पायऱ्या मांडत होत्ये, तर एक खिळा शिरला. मला ठाऊकच नाही. पांढऱ्या रांगोळीवर लाल काय पडलं म्हणून पाहिलं, तर माझाच पाय." त्या दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तशा सांगत होत्या. "पायाखाली कापसाची गादी असल्यासारखं वाटतं हो. कुठे उभी आहे ते बघितल्यावर कळतं."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगून?" त्यांनी पाय सोडवून घेतला आणि लुगड्याखाली झाकला. "तुम्ही त्या भुईमागे लागलेले. त्या फिती, ती मापं, तो सुंदर. कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच तुमचं तोंड सकाळी कुठेतरी निघालेल्या माणसासारखं दिसायला लागलं होतं. मला गार काय नि गरम काय कळेनासं झालंय, असं सांगितलं असतं, तर तुम्ही भुई घातली असती कुणासाठी?"

प्रणेशरावांनी नळीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"नामक्कलला काय भाजलं होतं हो!" बाई एकदम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. "इकडे पाय टेकवू की तिकडे, असं झालं होतं. ती शेतातली बाई ताक घेऊन आली, आठवतं? त्या ताकात पाय बुडवून बसल्ये मी. गार, गार. टाचेपासून डोक्यापर्यंत गार चढत गेलं. सुप्रजा हसत होती, आई ताकात उभी म्हणून. आणि मी तिथून तंजावूरपर्यंत तुम्हांस शिव्या घालत आल्ये."

"तिरुचीपर्यंत. पुढे तू झोपलीस."

"झोपल्ये असेन. दमल्ये होत्ये." त्यांनी लुगड्याचा काठ पायांवर ओढून घेतला. "आज सुंदर ओरडला तेव्हा मी ते आठवून ओरडल्ये. नीट ओरडल्ये ना?"

"उशिरा ओरडलीस."

"हां," बाई म्हणाल्या. "तुमच्यापुढे तेवढं चुकलंच."

*

डॉक्टरांनी जे सांगितलं ते प्रणेशरावांना आधीच ठाऊक होतं. मेलेले मज्जातंतू परत येत नाहीत. असलेले सांभाळायचे, पाय रोज तपासायचे, आणि घरातसुद्धा मऊ तळाची ती खास चप्पल घालायची.

"घरात घालीन," बाई म्हणाल्या. "परसात घालीन, माडीवर घालीन. चुलीपुढे नाही. गाडीतल्या शेगडीवर स्वामींचा नैवेद्य व्हायचा. तिथे मी चप्पल घालून उभी राहू?"

प्रणेशरावांनी वाद घातला नाही. या विषयावर चाळीस वर्षांत ते एकदाही जिंकले नव्हते, आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने संभाव्यतेचा मान राखावा. त्यांनी प्रश्न उलटा मांडला. चप्पल बाईंच्या पायात जाणार नसेल तर ती भुईच्या पोटाखाली घालायला हवी. पूर्वी भुई तापली असती तर बाई ओरडल्या असत्या, म्हणजे बाईंचे पाय हेच धोक्याची घंटा होते. आता ती घंटा वाजणार नव्हती. म्हणून भुई तापताच कामा नये. भुई कुणासाठी, या प्रश्नाचं जे उत्तर त्यांना ओट्यावर देता आलं नव्हतं ते हे होतं. फक्त ते वाक्यात न सापडता आराखड्यात सापडलं.

"सार, ही व्हॅन आहे की न्हाणीघर?" आराखडा पाहून सुंदर म्हणाला.

"दोन्ही."

गाडीखाली, धुराचा नळा आणि पत्रा यांच्यामधे, त्यांनी अॅल्युमिनियमची एक ढाल बसवली, नळ्यापासून चार बोटं दूर, म्हणजे मधून वारा खेळेल. वर, पत्र्यावर, बुचाच्या लाकडाचे तक्ते दोन थरांत, खालच्या थराचे सांधे वरच्या तक्त्यांनी झाकले जातील असे. बूच पाणी पीत नाही आणि उष्णता पलीकडे सोडत नाही; बाटलीत ते वर्षानुवर्षं हेच करत आलेलं असतं. त्यावर जहाजांच्या कामाचं प्लायवूड, कडा रंगात बुडवून काढलेल्या. आणि सगळ्यांत वर लाल लिनोलियम, भिंतींवर वीतभर चढवून चिकटवलेलं, ताटाच्या काठासारखं. मागच्या दाराकडे, सुंदरने न दिलेला तो उतार या वेळी खरोखर दिला, आणि कोपऱ्यात बुचाचं झाकण असलेलं एक भोक. भुई वर आल्यामुळे प्रणेशरावांना आता आत वाकून उभं राहावं लागे. बाई ताठ उभ्या राहू शकत होत्या. हिशेब तेवढ्याचाच होता.

मधल्या काळात सुंदरची बडबड थोडी बदलली होती. तो मामी आल्या की हातातलं काम थांबवी आणि खिळे, पट्ट्या, काचेचे तुकडे पायाने बाजूला सारी. एकदा बाईंनी ते पाहिलं.

"काय रे, मी आंधळी झाल्ये असं सांगितलं का सारांनी?"

"नाही मामी. सार म्हणाले, मामी आता राणी झाल्या. जमिनीला पाय लागत नाही."

प्रणेशराव असं काही म्हणाले नव्हते. पण बाई इतक्या हसल्या की त्यांनी ते नाकारलं नाही.

नवी भुई झाल्यावर बाईंनी ती धुतली. बुचाचं झाकण काढलं, पाणी भोकातून खाली गेलं, परसातल्या केळीला मिळालं. प्रणेशराव हातात खराटा घेऊन दाराशी उभे होते. प्रतिबंधक उपाय नव्हे, मदत.

*

ते पहाटे निघाले. सुप्रजा होसूरला येऊन मिळणार होती. तिथून पुढे ती गाडी चालवणार होती. "भुई गार झाली?" तिने फोनवर विचारलं होतं, आणि बाईंनी "ये आणि बघ" म्हटलं होतं. पायांबद्दल तिला अजून सांगितलेलं नव्हतं. ते बाई स्वतः सांगणार होत्या, समोरासमोर, जेवण झाल्यावर.

दिवस वर आला तसा रस्ता तापला. तिरुची मागे पडलं. मुसिरीपाशी, कावेरी डावीकडे पांढऱ्या वाळूसारखी चमकत असताना, बाई म्हणाल्या, "थांबा आता. भात टाकते."

एका चिंचेखाली प्रणेशरावांनी व्हॅन उभी केली. इंजिन बंद झालं. शांततेत धुराचा नळा थंड होताना टकटक वाजत राहिला. ते उतरून मागच्या दाराशी आले. सवयीने त्यांचा हात खिशातल्या यंत्राकडे गेला. त्यांनी ते रोखलं, आकडा वाचला. समाधानकारक होता. पस्तीसच्या आसपास, बाहेरच्या हवेपेक्षाही कमी.

बाई दाराशी पायरीवर थांबल्या होत्या, चप्पल काढून. एक हात कठड्यावर.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"पस्तीस."

"पस्तीस म्हणजे कशी?"

प्रणेशरावांनी यंत्र खिशात घातलं. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, बुटांत कोंबले, आणि मान वाकवून आत चढले. व्हॅनमधे ते कधी अनवाणी आलेले नव्हते. लाल भुईवर मधोमध, शेगडीपुढे, त्यांनी दोन्ही तळवे टेकवले आणि उभे राहिले, बराच वेळ, डोळे मिटून. बाई पाहत होत्या.

"गार नाही," ते शेवटी म्हणाले. जुळणारा शब्द शोधताना ते अडखळत होते. हे काम त्यांनी पूर्वी कधी केलेलं नव्हतं. "गरमही नाही. ... दुपारी देवळात जातो आपण, ऊन तुडवून, आणि आतल्या मंडपात पहिलं पाऊल टाकतो. ते पहिलं पाऊल नाही, ते फार गार असतं. चौथं-पाचवं. पाय तिथे राहायला लागतो, तसं."

बाईंनी डोळे मिटले. ओठ किंचित हलले, एखाद्या पदार्थाची चव आठवावी तसे.

"सांधे कळतात?"

"नाही. सलग आहे. जरा मऊ. लाकडासारखी मऊ."

"चोखट," त्या म्हणाल्या.

मग त्या कठडा धरून वर आल्या. प्रणेशराव बाजूला सरकून बाकावर बसले. बाईंनी पदर खोचला, तांदूळ धुतले, काडेपेटी घेतली. पाय नीट टेकला आहे ना, हे त्यांनी एकदा खाली पाहून घेतलं, आणि मग शेगडी पेटवली.